भाऊ नोकरी सोडून रील्स करतो म्हणतोय. सोलापुरात राहून यावर घर चालतं का?

शेंगाचटणी
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय २४, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गारमेंटच्या युनिटवर कटिंगला आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवतात तिथे. सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी रील करतो. सगळं आपल्या सोलापुरी बोलीत: नळाला पाणी यायच्या दिवशीची गल्ली, लग्नात जेवणावरून रुसलेले पाहुणे, "काय करूलालास बे" म्हणणारे मास्तर. ३८ हजार फॉलोअर झालेत. दिवाळीनंतर एका रीलला नऊ लाख व्ह्यूज आले आणि तेव्हापासून त्याचं कामात मन नाही. "अक्का, एक तारखेला राजीनामा देतो" म्हणून बसलाय.

वडील तीस वर्षं मागावर होते. मिल बंद पडल्यावर शेजारपाजारच्या घरांत काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे हातातलं काम आपण होऊन सोडणं ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नाही. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही.

मला त्याला अडवायचं नाहीये. पोरगं खरंच चांगलं करतं, मीच हसून हसून बघते. पण त्या नऊ लाखांच्या रीलचे पैसे किती आले विचारलं तर म्हणाला, "काहीच नाही." मग राजीनामा कशाच्या जोरावर द्यायचा? ज्यांनी इथं राहून हे केलंय त्यांनी खरे आकडे सांगा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांच्या गोष्टी नकोत.

---

पार्कचौक
रविवार, रात्री १०:४०

यूट्यूब जाहिरातीतला ठरलेला वाटा देतं, तसा इन्स्टाग्राम व्ह्यूजमागे देत नाही. तिथे पैसा येतो तो जाहिरातदाराकडून, नाहीतर स्वतःचं काहीतरी विकून. त्यामुळे नऊ लाख व्ह्यूज आणि शून्य रुपये यात भाऊ खोटं बोलत नाहीये. कराबद्दल उद्या सविस्तर लिहितो, मी एका सीएच्या कार्यालयात काम करतो.

---

जॅकार्ड
सोमवार, सकाळी ७:०५

ताई, मी पूर्व भागातला. घरात दोन पिढ्या यंत्रमाग. लॉकडाऊनमध्ये माग बंद होते, तेव्हा पुतण्याच्या नादानं टिकटॉकवर मागाचे व्हिडिओ टाकायला लागलो. धोटा इकडून तिकडे पळतो, कांडी संपली की हात कसा जातो, असलं काहीबाही. अडीच-तीन महिन्यांत २२ हजार लोक जमले. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. २२ हजारांतल्या एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. त्या दिवसापासून घरात एक वही आहे. जो कुणी चौकशी करतो त्याचं नाव, गाव, व्हॉट्सअॅप नंबर त्यात उतरतो. आज वहीत साडेतीन हजार नावं आहेत, आणि माझी कमाई विचाराल तर ती वही आहे.

नंतर यूट्यूबवर आलो. तिथे जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात, वर शेवटच्या १२ महिन्यांत ४००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मला १४ महिने लागले. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपले. शॉर्ट्सचं २०२३ च्या फेब्रुवारीपासून वेगळं आहे, सगळ्यांची जाहिरात एका ठिकाणी गोळा होते, गाणं वापरलं असेल तर त्याचा हिस्सा बाजूला निघतो, आणि आपल्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के मिळतात. माझ्या अनुभवात शॉर्ट्समधून ओळख होते, पैसा नगण्य. बँकेत पैसे यायला १०० डॉलर साठावे लागतात. ते साठायला मला आणखी सात महिने लागले. म्हणजे सुरुवातीपासून पहिला रुपया हातात पडेपर्यंत पावणेदोन वर्षं. या पावणेदोन वर्षांत मी माग सोडला नव्हता, हे तुमच्या भावाला सांगा.

आता गेल्या महिन्याचा हिशोब. यूट्यूबवर साठले ४,३०० रुपये. मागाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाची जाहिरात केली त्याचे ५,०००. चादरी आणि टॉवेलच्या ऑर्डरींतून सगळा खर्च जाऊन ३१,०००. घर चालतं ते या तिसऱ्या आकड्यावर.

आणि त्या ऑर्डरी कुठल्या व्हिडिओनं आल्या? सगळ्यात जास्त बघितलेल्या नाही. एक चार मिनिटांचा व्हिडिओ आहे, त्यात फक्त माझ्या आईचे हात दिसतात. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे हा माल इथलाच असं सरकारी मानांकन, मिळालेलं आहे, तरी रस्त्यावर सोलापुरी म्हणून काहीही खपवतात. आईनं चादरीच्या कडेचा एक धागा उपसला, पितळेच्या ताटलीत धरला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, राख बोटात चुरगळते. मग दुसऱ्या, बाजारातून आणलेल्या चादरीचा धागा. तो आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. आईनं तो मणी नखानं ताटलीवर टकटक वाजवून दाखवला. मग चादर उलटी केली: आपल्या जॅकार्डच्या चादरीत तीच नक्षी मागच्या बाजूला रंग उलटे होऊन दिसते. बस. याला ६१ हजार व्ह्यूज आहेत. पण बघणारा माणूस चादर घ्यायच्या विचारात असतो, आणि त्याला वाटतं की ही बाई मला फसवणार नाही.

आवाजाचं म्हणाल तर माग चालू असताना शेजारच्याचंही ऐकू येत नाही. आधी शूट करतो, बोलणं रात्री गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करतो. खर्च काही नाही.

तुमचा भाऊ कटिंगला आहे ना? त्याला काय काय येतं ते एकदा त्याच्या शेजारी बसून विचारा. त्याला वाटत असेल की त्यात काय सांगण्यासारखं आहे. मलाही वाटायचं.

---

कुंभारीची_सून
सोमवार, दुपारी २:३०

जॅकार्डदादा, तुमच्या आईंचा तो व्हिडिओ मी सासूबाईंना दाखवलाय.

मी कुंभारीला रे नगरमध्ये राहते. सासूबाई विड्या वळतात, मी पण वळायचे. आता स्वयंपाकाचं चॅनल आहे, निम्मं मराठी निम्मं तेलुगू. अंबाडीची भाजी केली की मराठीत अंबाडी म्हणते आणि तेलुगूत पुंटिकूरा. एकाच भाषेत कर म्हणून पुष्कळांनी सांगितलं, पण तेलुगूमुळे माझे व्हिडिओ तेलंगणातल्या सिरिसिल्ला, करीमनगरकडची माणसं बघतात. तिकडून आलेलीच आमची घरं, त्यांना सोलापुरातली चव ओळखीची वाटते. सोलापूरकरांकडे तीन-चार भाषा आहेत ही आपली जमेची बाजू आहे, ती कुणी सोडू नका.

ताई, भावाला दोन कामाच्या गोष्टी सांगा. अॅडसेन्सच्या, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून येतात त्या गूगलच्या खात्यात १० डॉलर झाले की गूगल पोस्टानं सहा आकडी पिन पाठवतं. चार महिन्यांत तो टाकला नाही तर जाहिराती बंद होतात. मी पत्त्यात "पाण्याच्या टाकीजवळ" असं लिहून ठेवलं होतं, वसाहत नवी, सगळी घरं सारखी. पहिलं पत्र आलंच नाही. मग पोस्टमनदादांना जाऊन भेटले, ब्लॉकचा आकडा आणि माझा फोन नंबर पत्त्यात घातला, दुसरं पत्र २६ व्या दिवशी हातात आलं. मला तर टपालानं आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नावाचं काही आलं होतं. ते पाकीट मी अजून ठेवलंय.

दुसरं, ज्याच्या नावानं अॅडसेन्स त्याच्याच नावाचं बँक खातं असू दे. आमच्याकडे मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं खातं देणार होतो. बँकेतल्या मॅडमनी समजावलं आणि मी स्वतःचं उघडलं. दर महिन्याला येत नाहीत, दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, २१ ते २६ तारखेच्या आत. आले की नऊ-दहा हजार असतात. विड्यांपेक्षा बरे आहेत, आणि पाठ दुखत नाही.

---

पार्कचौक
सोमवार, रात्री ९:२०

कराचं लिहितो म्हणालो होतो.

अॅडसेन्समध्ये अमेरिकेचा कराचा फॉर्म असतो, डब्ल्यू-८बीईएन. बरेच जण तो भरतच नाहीत. न भरल्यास सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कर तिकडेच कापला जाऊ शकतो. पॅन घालून भरला तर भारत-अमेरिका करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर १५ टक्के. आपल्या लोकांचे प्रेक्षक बहुतेक इथलेच, म्हणजे कपात जवळपास नाहीच. दहा मिनिटांचं काम आहे.

वस्तू मिळतात त्यांचंही उत्पन्न धरतात, हे पोरांना पटत नाही. १ जुलै २०२२ पासून नियम असा की एका कंपनीनं वर्षात २०,००० च्या वरची वस्तू किंवा सवलत दिली तर तिच्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर. आमच्याकडे एक मुलगा आला होता. त्याला एका कंपनीनं ४५ हजारांचा फोन दिला, त्यानं व्हिडिओ केला आणि फोन ठेवून घेतला. रोख एक रुपया मिळाला नव्हता, आणि विवरणपत्रात फोनची किंमत दाखवायची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तोच फोन व्हिडिओनंतर परत केला असता तर प्रश्न नव्हता. म्हणून वस्तू आली की तारीख, किंमत, ठेवली की परत केली, एवढं लिहून ठेवा.

जीएसटी सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही. पण जॅकार्ड, तुम्ही चादरी विकता. माल महाराष्ट्राबाहेर, अगदी बेळगावला किंवा विजापूरला पाठवत असाल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. घेतलीय ना?

---

जॅकार्ड
सोमवार, रात्री ९:५५

घेतलीय. सुरुवातीला सहा महिने माहीत नव्हतं, त्यामुळे कर्नाटकातल्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या होत्या.

---

हुरडा_पार्टी
मंगळवार, सकाळी ११:१०

मी खाण्याचं पेज चालवतो, ८४ हजार फॉलोअर. एका रीलचे पाच ते आठ हजार घेतो, महिन्यात पाच-सहा रील होतात. घर चालतं. तेव्हा उगाच पोराला घाबरवू नका. दीड वर्ष नोकरी सांभाळून केलं, मग सोडली. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक पाहिजे, मला पैसे, लोकांना नवीन जागा कळते. यात वाईट काय आहे?

---

होटगी_रोड
मंगळवार, दुपारी ४:००

दादा, वाईट काही नाही, पण दुसऱ्या बाजूनं सांगतो. माझी खानावळ आहे, बाजरी-ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, रस्सा. गेल्या दोन वर्षांत तेरा जणांकडून रील करून घेतल्या.

एकाचे १ लाख २० हजार फॉलोअर. आठ हजार घेतले. दोन दिवस जरा गर्दी वाटली, तिसऱ्या दिवशी जैसे थे. मग मुलीनं मला दाखवलं की पेजच्या इनसाइटमध्ये फॉलोअर कुठल्या शहरातले ते दिसतं. त्याला विचारलं तर टाळाटाळ. शेवटी दाखवलं, सोलापूर पहिल्या पाचांत नव्हतं. आता मी ते बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

मग एक मुलगी आली. नऊ हजार फॉलोअर, सगळे जुळे सोलापूर, विजापूर रोड, इकडचेच. तिनं मला आधीच सांगितलं, "काका, मी पैसे घेतले हे सुरुवातीलाच सांगणार आणि जे नाही आवडलं तेही सांगणार." मला राग आला होता. तिनं रीलमध्ये सांगितलं, "ही जाहिरात आहे. रस्सा मला तेलकट वाटला, कडक भाकरी आणि चटणीसाठी मात्र या." त्या रीलची माणसं चार महिने येत होती. येऊन म्हणायची, "ती ताई म्हणाली ती कडक भाकरी द्या." रश्श्यातलं तेल मी कमी केलं. तिला आता दर तीन महिन्यांनी बोलावतो, आणि तिनं सांगितलेली रक्कम घासाघीस न करता देतो.

तुम्ही "पेड" आहे असं लिहिता का?

---

हुरडा_पार्टी
मंगळवार, सायंकाळी ६:३५

शेवटी बारा-पंधरा हॅशटॅग असतात, त्यात "अॅड" असतं.

---

पार्कचौक
मंगळवार, सायंकाळी ७:१५

ते चालत नाही. ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ च्या जानेवारीत सूचना काढल्यात. पैसे, फुकट जेवण, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर ते सहज दिसेल असं सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत दडपायचं नाही, आणि ज्या भाषेत जाहिरात त्याच भाषेत. म्हणजे मराठी रील असेल तर मराठीत "जाहिरात". दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. दंडाचं सोडा, होटगी रोडच्या काकांचा अनुभव बघा. सांगून केलेली रीलच जास्त चालली.

---

हुरडा_पार्टी
मंगळवार, रात्री ८:०२

मराठीतच लिहायचं हे मला माहीत नव्हतं. पुढच्या रीलपासून लिहितो.

---

शेंगाचटणी
बुधवार, रात्री ११:२०

मंडळी, तुमचं सगळं त्याला वाचायला दिलं. आज मात्र वेगळंच काहीतरी झालं म्हणून आत्ता लिहितेय. त्याला एका बेटिंग अॅपवाल्याचा मेसेज आलाय. महिन्याला २५ हजार, रोज एक स्टोरी टाकायची आणि खाली लिंक द्यायची. युनिटवर त्याला १४ हजार मिळतात. तो मला म्हणतो, "अक्का, मी कुणाला खेळा म्हणणार नाही, फक्त लिंक ठेवणार." मला काय बोलावं सुचत नाहीये.

---

कुंभारीची_सून
बुधवार, रात्री ११:४१

त्याला आजच नाही म्हणायला लावा, ताई. उद्यावर ठेवू नका.

माझ्या दिरांनी अशाच एका लिंकवरून सुरुवात केली होती. आपल्याकडचंच पेज, आपल्याच भाषेत हसवणारा पोरगा, म्हणून विश्वास बसला. पहिल्या आठवड्यात ६०० रुपये जिंकले, घरी पेढे आणले होते. आठ महिन्यांत ९० हजार गेले, त्यातले ४० हजार जाऊबाईंच्या बचत गटातून उचललेले. हप्ता अजून ती फेडते, रोज हजार विड्या वळून. त्या पोराचं पेज आजही चालू आहे, तो आजही हसवतो. मला त्याचा आवाज ऐकवत नाही.

तुमच्या भावाची ३८ हजार माणसं कोण आहेत? गल्लीतली, युनिटवरची, माझ्या दिरांसारखीच.

---

पार्कचौक
गुरुवार, सकाळी ८:१०

वरच्या पोस्टनंतर कायद्याचं सांगणं फार कोरडं वाटेल, पण त्याला कळायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या गेमची नुसती जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "फक्त लिंक ठेवली" ही सबब तिथे टिकणार नाही.

अशाच मेसेजमध्ये कधीकधी "करारपत्र" म्हणून एखादी फाइल येते. ती उघडली की अकाउंट हातातून जातं. उघडू नका. काही घडलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

---

जॅकार्ड
गुरुवार, सकाळी ८:३०

ताई, भावाला माझा निरोप सांगा. २५ हजार ही रक्कम लहान नाही, मला कळतं. माझ्याकडेही आले होते ते, माझी वही बघून. साडेतीन हजार माणसांनी मला नंबर दिलाय तो चादरीसाठी. मी नाही म्हणालो.

---

अक्काचा_भाऊ
शनिवार, रात्री ९:४५

नमस्कार. मीच तो. अक्काच्या मोबाइलवरून सगळं वाचत होतो, आता स्वतःचा आयडी काढला.

अॅपवाल्याला गुरुवारी सकाळीच नाही सांगितलं आणि ब्लॉक केलं. कुंभारीच्या ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. मी लिंक ठेवली असती. एवढंच सांगतो.

जॅकार्डदादा, तुम्ही म्हणालात म्हणून अक्का खरंच शेजारी वही घेऊन बसली. मला काय येतं? कटिंगला आम्ही एकावर एक कापडाचे थर पसरतो आणि मग एकदम कापतो. कुठला शर्ट पहिल्या पावसाळ्यात आटणार ते मला कापड हातात घेतलं की कळतं. पॅन्टच्या खाली आत किती दुमड सोडलीय त्यावर ती एक वर्ष जाणार की दोन हे ठरतं. पालक दुकानात बाहेरून रंग बघतात, आतून कुणी उलटी करून बघत नाही. तर मी रील केली, आपल्या बोलीतच. आई पोराला घेऊन युनिफॉर्म आणायला जाते आणि दुकानदार गडबडलालाय, कारण ती प्रत्येक पॅन्ट उलटी करून दुमड मोजलालीय. व्ह्यूज फक्त १७ हजार. पण २११ जणांनी सेव्ह केली, माझी कुठलीच रील इतकी कुणी सेव्ह केलेली नाही. खाली बायकांनी विचारलंय, शर्टाचं पण सांग, स्वेटरचं पण सांग.

काल नवी पेठेतल्या एका कापड दुकानदाराचा फोन आला. जूनच्या आधी चार रील हव्यात, ६,००० रुपये. मी सांगितलं की पहिल्या सेकंदाला "जाहिरात" असं लिहिणार, आणि दुमड कमी असेल तर कमी आहे म्हणणार. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग मी दुमड वाढवूनच मागवतो." निम्मे पैसे आगाऊ आलेत. पार्कचौकदादा, पावती कशी लिहायची ते सांगाल का? आयुष्यात लिहिलेली नाही.

राजीनामा देत नाही. वर्षभर नोकरी ठेवतो, आणि दर महिन्याचा आकडा इथे टाकत जाईन.

---

पार्कचौक
शनिवार, रात्री १०:०५

साध्या कागदावर चालेल. तुझं नाव, पत्ता, पॅन, दुकानाचं नाव, तारीख, पावती क्रमांक १, काम काय, एकूण रक्कम, आगाऊ किती, बाकी किती, सही. एक प्रत स्वतःकडे. जीएसटीची ओळ घालू नकोस, तुझी नोंदणी नाही. रील किती दिवस राहील आणि दुकानदार ती स्वतःच्या पेजवर वापरू शकतो का, हे दोन मुद्दे खाली लिहून त्यांचीही सही घे.

---

अक्काचा_भाऊ
शनिवार, रात्री १०:२०

लिहितो. अजून एक विचारायचं होतं. गड्ड्याच्या जत्रेत शूट करायचंय, होम मैदानावर. मागच्या वर्षी पाळण्यांच्या आवाजात माझं एक वाक्य ऐकू आलं नव्हतं. कुणाकडे कॉलर माइक आहे का, दोन दिवसांसाठी?

---

जॅकार्ड
शनिवार, रात्री १०:३२

माझ्याकडे आहे, पडूनच असतो, मी गोधडीवाला. कन्ना चौकात येऊन फोन कर. सोबत केसाळ टोपी आहे ती माइकवर घाल, संक्रांतीला तलावाकडनं वारा येतो.